संग्रहालय शेजारी होतं

सहल आखावी तर ती मीच! हे मला स्वतःच सांगावं लागतंय, कारण त्या परदेशच्या सहलीनंतर आमच्या घरात हे वाक्य उच्चारायला दुसरं कोणी तयार नाही. पण मंडळी, निघण्यापूर्वी माझा काय तोरा होता म्हणून सांगू! प्रवासी कंपन्यांची मी यथेच्छ टिंगल केली. "पुढे झेंडी धरलेला एक माणूस आणि मागे आपण मेंढरं! उतरा, बघा, फोटो काढा, बसा! ह्याला काय देश पाहणं म्हणतात?" असं मी शेजाऱ्यांना ऐकवलं, ऑफिसात ऐकवलं, दाढी करून घेताना न्हाव्यालाही ऐकवलं. वस्तरा गळ्यावर होता, तरी थांबलो नाही!

त्याला कारण होतं. मी पाणीपुरवठा खात्यात अभियंता आहे. अख्ख्या शहराच्या नळवाहिन्या मला पाठ आहेत. ज्याला जमिनीखालचं दिसतं त्याला जमिनीवरच्या गल्ल्या काय अवघड!

आम्ही चौघं निघालो. मी, बायको, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई.

सासूबाईंची ओळख आधी करून द्यायला हवी. त्या एका मोठ्या रुग्णालयात मेट्रन होत्या. त्या निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, त्यांचा आवाज मात्र अजून नोकरीत आहे. त्या "उठा" म्हणाल्या की प्लास्टरमधला माणूससुद्धा उठून बसायचा, अशी त्यांची ख्याती. परदेशात त्या सगळ्यांशी सरळ मराठीतच बोलत होत्या. विमानतळावर एक धिप्पाड अधिकारी आमचे पासपोर्ट पुन्हा पुन्हा उलटसुलट करत होता. सासूबाई त्याला म्हणाल्या, "बाळा, तो चष्मा पूस आधी. मग बघ." आणि त्याने चष्मा पुसला! मग पटापट शिक्के मारून आम्हाला सोडलं. त्याला नेमकं काय कळलं हे मला आजतागायत समजलेलं नाही. मी आपला शरमेने कानकोंडा होऊन इकडेतिकडे बघत होतो.

त्या दिवशी माझ्या कार्यक्रमात घड्याळजींचं घर होतं. त्या गावात पूर्वी एक फार मोठा घड्याळजी होऊन गेला. त्याचं राहतं घर तसंच्या तसं जपून ठेवलंय. त्याचा पलंग, त्याची खुर्ची, त्याची भांडीकुंडी, सगळं! मी वाचून आलो होतो.

"दगडी गल्ली, डाव्या हाताला, लाल दार," मी रुबाबात पुढे चाललो होतो. गल्ली दगडी होती. दारं मात्र बरीच लाल निघाली. घरंही एकमेकांना अशी चिकटलेली, जशा एकाच ताग्यातून फ्रॉक शिवलेल्या बहिणी! पण एका फाटकावर पाटी दिसली आणि पाटीवर चक्क घराचं चित्र!

"हे बघा! घराचं संग्रहालय म्हणून घराचं चित्र!"

"बाबा, पाटीवर काय लिहिलंय ते फोनला विचारू का?" लेक म्हणाली. तिच्या फोनमध्ये कुठल्याही भाषेचं मराठी करणारं काहीतरी होतं.

"काही गरज नाही! तो फोन ठेव आत आणि डोळ्यांनी बघायला शिक!"

मी बेल दाबली.

दार उघडलं एका उंच, किंचित वाकलेल्या म्हाताऱ्याने. इस्त्रीचा कोट, चकचकीत बूट, पाणी लावून चोपून बसवलेले केस. आम्हाला बघून त्याचा चेहरा असा उजळला, जणू काही सकाळपासून तो आमचीच वाट बघत होता. मी पाकीट काढून तिकिटांची खूण केली, तर तो दोन्ही हात हलवत मागेच सरला.

"फुकट!" मी बायकोला म्हणालो. "हा खरा सुसंस्कृत देश!"

दिवाणखाना सुरेख होता. खिडकीशी खोलगट झालेली आरामखुर्ची, तिच्या पाठीवर लोकरीची शाल, भिंतीवर उंच घड्याळ. "हेच ते!" मी आवाज खाली आणला. थोर माणसांच्या घरात आपोआप आवाज खाली येतो. "ह्याच खुर्चीत बसून तो..."

"अहो, टेबलावर अर्धा खाल्लेला पाव आहे," बायको म्हणाली.

"सगळं तसंच्या तसं ठेवलंय म्हणून तर नाव आहे ह्या जागेचं!"

"आणि कपातून वाफ येतेय."

"वातावरणनिर्मिती! रोज ताजी कॉफी करून ठेवत असतील. आपल्याकडे कोणी करेल का एवढं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि ती गप्प बसली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिचं गप्प बसणं मला कळायला हवं होतं. पण तेवढ्यात म्हाताऱ्याने आम्हाला स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडून दाखवला!

आता मला सांगा, पाणीपुरवठ्यातल्या माणसापुढे कोणी नळ सोडला तर तो शुद्धीवर राहील का? मी ओट्याखालचं दार उघडलं आणि जमिनीवर पसरून डोकं आत घातलं. काय जोडणी होती महाराजा! एक थेंब गळती नाही! "बघ, बघ, पाण्याचा दाब बघ!" मी आतून ओरडत होतो. बाहेर येऊन मी म्हाताऱ्याला अंगठा दाखवला, तर त्याने माझा हात धरून जोरजोरात हलवला आणि मला थेट तळघरात बॉयलर दाखवायला नेलं. इतका मोकळा गाईड मी जन्मात पाहिला नव्हता!

"त्या काळात एवढा पुढारलेला बॉयलर!" मी वर येऊन सांगितलं.

"बाथरूममध्ये टूथपेस्ट आहे," बायको म्हणाली. "ब्रश ओला आहे."

"सुरक्षारक्षकाचा असेल."

मग आम्ही वर निघालो. जिना लाकडी, अरुंद आणि मधेच काटकोनात वळलेला. म्हातारा पुढे, एका हाताने भिंत धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, दमाने चढत होता. वळणावर थांबून त्याने श्वास घेतला आणि आमच्याकडे बघून उगाच हसला. सासूबाई त्याच्या मागेच होत्या. मी छताच्या तुळया बघत होतो, लेक खिडकी बघत होती, सासूबाई मात्र त्याचे पाय बघत होत्या.

वरची खोली म्हणजे कळस होता. मधोमध एक भलामोठा जुना लाकडी पलंग. त्याच्या उशाशी उभ्या दांड्यांची कमान, दांडे असे गुळगुळीत की वाटावं कोणीतरी रोज हाताने पुसतंय. मी भारावून बघत उभा राहिलो, आणि सासूबाई त्या पलंगावर बसल्या. नुसत्या बसल्या नाहीत, चपला काढून आडव्या झाल्या!

"आई! उठा! ती संग्रहालयातली वस्तू आहे!"

"मला तर गादी दिसतेय, जावईबापू. पाय भरून आलेत माझे."

मला वाटलं आता शिट्ट्या वाजणार, पहारेकरी धावत येणार, पेपरात फोटो छापून येणार! तर म्हाताऱ्याने कपाटातून एक जादा उशी काढली आणि अलगद सासूबाईंच्या पायांखाली ठेवली. मी गहिवरलो. कर्मचारी असावेत तर असे!

म्हातारा आता काहीतरी भरभरून सांगायला लागला. लेकीने माझी परवानगी न विचारता फोन पुढे धरला. फोन मराठीत म्हणाला, "मुलीसाठी मागची खोली घ्या. सकाळी ऊन तिथे येतं."

"बाबा, हे मला खोली का देतायत?"

"तुला नाही गं! घड्याळजींना मुलगी असणार, तिच्याबद्दल सांगतायत."

म्हाताऱ्याने पलंगाच्या दांड्यावर हात ठेवला. फोन म्हणाला, "आमचा संसार ह्या पलंगावर झाला. माझी बायको आता नाही."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! "अरे, हा नट आहे नट! स्वतः घड्याळजी होऊन बोलतोय! परदेशात असतं असं!" मी पुढे सरसावलो. असल्या प्रयोगात प्रेक्षकाने भाग घ्यायचा असतो. मी फोनमध्ये विचारलं, "तुमच्या घड्याळांचा तुमच्या बायकोला कधी राग यायचा का हो?"

म्हातारा गोंधळला. त्याने आपल्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग पलंगाच्या कडेवर टेकून अगदी हळू काहीतरी बोलला. फोन म्हणाला, "ती नेहमी म्हणायची, तू प्रत्येक ठिकाणी उशिरा येतोस. आता ती पुढे जाऊन थांबली आहे. मला अजून उशीर होतो आहे."

त्याचे डोळे भरून आले. काय अभिनय! काय संयम! माझ्याच्याने राहवेना. मी कडकडून टाळ्या वाजवल्या! "वा! वा! मानलं बुवा!"

त्या छोट्या खोलीत माझ्या टाळ्या फटाक्यांसारख्या वाजल्या. दुसरं कोणीच वाजवत नव्हतं.

सासूबाई उठून बसल्या. "जावईबापू, टाळ्या बंद करा," त्या म्हणाल्या. "हा माणूस खरंच रडतोय."

माझे हात हवेतच राहिले. लेक धाडधाड जिना उतरून फाटकाशी गेली आणि तशीच धापा टाकत वर आली. "बाबा, त्या पाटीवर लिहिलंय, 'घर विकणे आहे, आज पाहता येईल.' आणि संग्रहालय शेजारी आहे. त्याच्या दारावर हे एवढं मोठं घड्याळ लावलंय!"

मंडळी, जमीन दुभंगून माणसाला पोटात घेते म्हणतात. मी वाट बघितली. लाकडी जमीन होती, नुसती कुरकुरली. मी एका परक्या माणसाच्या घरात शिरलो होतो, त्याच्या ओट्याखाली लोळलो होतो आणि त्याच्या दुःखाला टाळ्या दिल्या होत्या! मी फोनमध्ये तोंड घालून इतक्या वेळा माफी मागितली की फोन गरम झाला. म्हातारबुवांना सगळा घोटाळा कळल्यावर ते आधी थक्क झाले, मग डोळे पुसता पुसता चक्क हसायला लागले. पण त्यांचे खांदे मात्र खाली गेले. आम्ही घर घेणार नव्हतो ना!

"चला, निघू या," मी दाराकडे सरकत म्हणालो.

"तुम्ही थांबा," सासूबाई म्हणाल्या. मग म्हातारबुवांकडे वळून त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, "भाऊ, घर का विकताय?"

फोनने तोंड उघडायच्या आतच म्हातारबुवांनी उत्तर द्यायला सुरुवात केली होती. दोघांची भाषा एक नव्हती, पण वय एक होतं. गोष्ट साधी होती. गेल्या हिवाळ्यात ते ह्या जिन्यावरून पडले. दूरच्या शहरात त्यांची मुलगी राहते, तिने धसका घेतला. घर विका आणि माझ्याकडे या, नाहीतर मला झोप लागायची नाही, असा तिने धोशा लावला. घर पसंत करून गेलेलं एक तरुण जोडपं आज पुन्हा येणार होतं, मधल्या भिंती पाडता येतील का ते बघायला.

"खाली झोपत का नाही? खाली मागे मोठी खोली आहे की," सासूबाई म्हणाल्या. ती खोली त्यांनी केव्हा बघितली कोण जाणे! मी तेव्हा ओट्याखाली असणार.

म्हातारबुवांनी पलंगाकडे बघितलं. फोन म्हणाला, "पलंग जिन्यातून उतरत नाही, असं सगळे म्हणतात. आणि ह्याच्याशिवाय मला झोप येत नाही."

"कोण सगळे?" सासूबाईंनी चपला घातल्या. "जावईबापू, बाह्या वर करा."

"आई, आपण पर्यटक आहोत!"

"मग? हात घरी ठेवून आलात का?"

ह्यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. म्हातारबुवांना खाली आरामखुर्चीत बसवण्यात आलं आणि उठायचं नाही अशी तंबी मिळाली. गादी आधी खाली गेली. मग पलंग. पायथ्याच्या बाजूला बायको आणि लेक, उशाच्या बाजूला वर मी, आणि खाली दिवाणखान्यात कमरेवर हात ठेवून सासूबाई!

"डावीकडे! उचला! अलगद! पेशंट आहे असं समजा!"

पहिल्या पायऱ्या आम्ही झोकात उतरलो. मला तर वाटलं, खात्यातून निवृत्त झाल्यावर आपण हाच धंदा काढावा. आणि वळणावर पलंग थांबला! पुढे जाईना, मागे येईना. एक कोपरा छताला, एक कठड्याला, एक भिंतीला. चौथा कुठे होता ते मला वरून दिसत नव्हतं.

"ढकलू नका!" मी ओरडलो. "हा भूमितीचा प्रश्न आहे! कर्ण लक्षात घ्या, कर्ण!" आणि चौथा कोपरा कुठे अडलाय ते बघायला मी उशाकडच्या दोन दांड्यांमधून डोकं पुढे काढलं.

डोकं गेलं. परत मात्र येईना!

कानांचं हे असं असतं. जाताना मागे दुमडतात, येताना छत्रीसारखे उघडतात! "अहो, काय झालं?" खालून बायकोने विचारलं. "काही नाही, पाहणी करतोय," मी म्हणालो. आणि नेमकी त्याच वेळी दारावरची बेल वाजली.

सासूबाईंनी घरच्या यजमानीणबाईंच्या थाटात दार उघडलं. दारात घर विकून देणाऱ्या दलालबाई उभ्या होत्या, कडक पोशाख, टोकदार बूट, काखेत फाइल. मागे ते तरुण जोडपं. तिघांनी आत पाऊल टाकलं आणि वर बघितलं. जिन्याच्या वळणावर तिरका झालेला पलंग, आणि दांड्यांमधून बाहेर आलेलं माझं डोकं!

मी हसून "नमस्कार" म्हणालो. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

दलालबाईंनी म्हातारबुवांना फाडफाड काहीतरी विचारलं. म्हातारबुवा खुर्चीतून उठायला लागले, तर सासूबाईंचं बोट वर झालं. ते पुन्हा बसले. बाई मात्र कर्तव्याला पक्क्या होत्या. गिऱ्हाइकाला वरचा मजला दाखवता येतो हे सिद्ध करायला त्या फाइल ठेवून चक्क चार पायांवर आल्या आणि पलंगाखालून सरपटत निघाल्या! त्या माझ्या पायांशी उगवल्या तेव्हा त्यांच्या केसांत कोळ्याचं एक अखंड जाळं होतं, मुकुटासारखं. तेवढ्यात पलंग आणखी थोडा खचला आणि खालची फट बंद झाली. आता वरच्या मजल्यावर आम्ही दोघं अडकलो. मी अर्धा, त्या पूर्ण!

खाली तो तरुण तोंड उघडं टाकून बघत होता. चांगला ताडमाड. सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "ए उंचेल्या! तो कोट काढ. इकडे ये. हा कोपरा धर."

त्याला मराठीचा म सुद्धा येत नव्हता. पण त्याने कोट काढला, बाह्या दुमडल्या आणि सांगितलेला कोपरा धरला! त्याच्या बायकोने न सांगताच पर्स खाली ठेवून दुसरा धरला. खरं सांगतो, दांड्यांमध्ये मान अडकलेल्या अवस्थेतसुद्धा मला सासूबाईंचं कौतुक वाटलं. विमानतळापासून ज्या आवाजाची मी लाज बाळगत आलो होतो, त्या आवाजापुढे एक अख्खा परका देश बाह्या दुमडून उभा होता!

"आता सगळे मिळून!" सासूबाई गरजल्या. सगळ्यांनी जोर लावला. पलंग कण्हला. मीही कण्हलो.

"कर्ण!" मी पुन्हा म्हणालो.

"तुम्ही जरा गप्प बसता का?" बायको म्हणाली. ती मघापासून वाकून पलंगाच्या सांध्यांकडे बघत होती. "अहो, ह्याला खिळे नाहीतच. नुसत्या लाकडी खुंट्या आहेत. हे उशाचं मखर सुटं होतं!"

तिने पायातली चप्पल काढली आणि खुंटीला खालून ठोकायला सुरुवात केली. ठक्! एक खुंटी उडाली. ठक्! दुसरी उडाली. आणि मखर सुटताच बाकीचा पलंग त्या उंचेल्याच्या हातांत अलगद, लोणी घसरावं तसा, वळण घेऊन खाली उतरला! सगळ्यांनी आरोळी ठोकली. म्हातारबुवांनी खुर्चीतूनच टाळ्या वाजवल्या.

मी वर राहिलो. गळ्यात ते भलंमोठं लाकडी मखर घालून! त्याच क्षणी लेकीने फोटो काढला. दलालबाईंनी एक सुस्कारा सोडला, बाथरूममधून साबण आणला आणि एक अक्षर न बोलता माझ्या कानांना फेस लावायला सुरुवात केली. अशा रीतीने मी परदेशात जन्माला आल्यासारखा पुन्हा बाहेर आलो.

खालच्या मागच्या खोलीत खिडकीशी पलंग लागला. मखर बसलं, खुंट्या ठोकल्या गेल्या. सासूबाईंनी चादर अशी ताणून घातली की तिच्यावर टाकलेलं नाणं उसळलं असतं. "या भाऊ. झोपून दाखवा."

म्हातारबुवा बूट काढून आडवे झाले. एवढा रुंद पलंग, पण ते एका कडेला झोपले आणि दुसरी बाजू त्यांनी मोकळी ठेवली. हात सवयीने त्या मोकळ्या जागेवर गेला आणि तिथेच राहिला. मी कर्णाचं नावही काढलं नाही!

त्या तरुणाच्या बायकोने ते पाहिलं. तिने नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याने मान हलवली, कोट उचलला आणि पलंगाशी येऊन म्हातारबुवांचा हात हातात घेतला. फोन म्हणाला, "आम्ही दुसरं घर बघू. तुम्ही छान झोपा."

म्हातारबुवांनी मुलीला फोन लावला. बापलेकीचं बराच वेळ चाललं. पलीकडचा आवाज चढत गेला. सासूबाईंनी हात पुढे केला, "द्या इकडे." आणि त्या मुलीला त्यांनी मराठीत बजावलं, "हे बघ बाळ, मी बघितलंय त्यांना. चालतात, बोलतात, कोट घालतात. जिना चढायचा नाही, एवढंच. वर काही लागलं तर शेजाऱ्याला सांगायचं. ह्या वयाच्या माणसाला मुळासकट उपटू नये. तू महिन्याच्या महिन्याला येऊन राहत जा. कळलं?"

पलीकडचा आवाज उतरला. मग हळूच काही शब्द. लेकीने त्या फोनला आपला फोन टेकवून ऐकवलं, "ती विचारते आहे, ही बाई कोण आहे आणि ती आमच्याकडे किती दिवस राहू शकेल?"

आम्ही तर हसलोच, म्हातारबुवा पलंगावर उताणे पडून इतके हसले की त्यांना ठसका लागला. निदान पुढचा हिवाळा जाईपर्यंत घर विकायचं नाही, असं त्या फोनवर ठरलं. दलालबाईंनी ते ऐकून घेतलं, बाहेर जाऊन फाटकावरची पाटी उपटली आणि काखेत धरून निघाल्या. बिचारीची सगळी मेहनत पाण्यात गेली होती. सासूबाईंनी तिला थांबवलं, तिच्या केसांतलं जाळं हलक्या हाताने काढलं आणि म्हणाल्या, "गुणाची आहेस. वेळेवर जेवत जा." त्या कडक पोशाखातल्या बाईचा चेहरा एकदम शाळकरी मुलीसारखा झाला.

आम्ही बाहेर पडलो तेव्हा शेजारच्या लाल दाराला कुलूप लागत होतं. घड्याळजींचं घर आम्ही पाहिलं नाही. माझ्या कार्यक्रमातलं पुढचंही काही पाहिलं नाही, कारण उरलेले दिवस सासूबाईंनी म्हातारबुवांच्या घरी रोज एक फेरी ठेवली, आणि सहल कोण आखतंय हा प्रश्न आपोआप निकालात निघाला. मी एकदा किल्ला बघायचं नाव काढलं. "किल्ला कुठे पळून जातोय?" असं उत्तर आलं. मी त्या दिवशी म्हातारबुवांच्या जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवला.

आता दर रविवारी म्हातारबुवांचा फोन येतो, चेहरे दिसणारा. ते त्यांच्या भाषेत बोलतात, सासूबाई मराठीत, आणि दोघांचं उत्तम जमतं. मध्यंतरी असाच फोन चालू असताना त्यांच्याकडे कोणी पाहुणे आले होते. मागच्या भिंतीवर म्हातारबुवांच्या बायकोचा जुना फोटो आहे आणि त्याच्या शेजारी, चौकटीत बसवलेला, गळ्यात मखर अडकलेला मी! पाहुण्याने बोट दाखवून विचारलं, हा कोण? म्हातारबुवांनी कौतुकाने बरंच काही सांगितलं. मी कान टवकारले. परदेशात, परक्याच्या तोंडून आपली स्तुती! लेकीने लगेच त्याचं मराठी करून वाचलं.

"हे मेट्रनबाईंचे जावई. फार हुशार आणि शांत माणूस."

मी घसा खाकरून सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. सासूबाईंनी क्षणभर विचार केला.

"म्हणू दे," त्या म्हणाल्या. "त्यांना तुमचा सहवास थोडेच दिवस घडलाय ना!"